‘दाब मोजा, एमआरआय कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. उभं राहिलं की वाढणाऱ्या आणि आडवं झालं की उतरणाऱ्या डोकेदुखीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : आजाराचं नावच ‘कमी दाबाची डोकेदुखी’ आहे, तेव्हा पाठीतून सुई घालून मेंदू-मणक्याभोवतीच्या पाण्याचा दाब मोजला की निकाल लागला, काँट्रास्टचा (शिरेतून औषध देऊन काढलेला) एमआरआय हा जास्तीचा खटाटोप आहे. शिवाय ‘एमआरआय नॉर्मल आला तरी गळती असू शकते’ (म्हणजे हे पाणी मणक्यातून बाहेर झिरपत असू शकतं) असं मी लिहिल्यामुळे अर्धशिशीची माणसंही घाबरून मणक्याच्या तपासण्यांमागे धावतील. तुमच्या बहिणीचा एमआरआय नॉर्मल होता आणि तिला शेवटी अर्धशिशीच निघाली, हेही तुम्ही कळवलंत. दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे, त्याकडे येतेच. पहिला मात्र मी मान्य करू शकत नाही, कारण त्यावर विश्वास ठेवून निदान चुकतं.

घोटाळा नावापासूनच आहे. मेंदू आणि मणक्याभोवती एका वेळी साधारण 150 मिलिलिटर पाणी असतं आणि दिवसाला जवळपास 500 मिलिलिटर नवं तयार होतं. मणक्याच्या आवरणाला कुठे चीर पडली की ते बाहेर झिरपतं. कमी होतं ते मुळात पाण्याचं प्रमाण. दाब पडेलच असं नाही. 2021 साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेलं विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात अशा रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांचा दाब नॉर्मल, म्हणजे 60 ते 200 मिलिमीटर पाणी या पट्ट्यात होता. नुसता दाब मोजून ‘काही नाही’ असं सांगितलं असतं, तर ही सगळी माणसं घरी परत गेली असती. त्यात ती सुई स्वतःच आवरणाला आणखी एक भोक पाडते. आधीच गळणाऱ्या माणसाला पहिली तपासणी म्हणून हे करायला सुचवणं मला पटत नाही.

आता एमआरआय काय दाखवतो ते. मेंदूच्या एमआरआयमध्ये गळती दिसत नाही. ती असते खाली, मणक्यात. दिसते ती मेंदूने केलेली भरपाई. कवटी ही बंद, कडक पेटी आहे. आतलं पाणी घटलं की ती जागा कशाने तरी भरावीच लागते, आणि सगळ्यात सहज वाढू शकतं ते शिरांमधलं रक्त. म्हणून मोठ्या शिरा तट्ट फुगतात. मेंदूच्या आडव्या शिरेची खालची कड एरवी आत वळलेली किंवा सरळ असते, ती बाहेर फुगते. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी रक्ताने भरून मोठी दिसते. बाहेरचं जाड आवरण, ड्युरा, सगळीकडे एकसारखं उजळतं. मेंदू आणि आवरण यांच्यामध्ये पातळ थर साचतो, कधी रक्ताचाही. आणि मेंदू स्वतः खाली बसतो, इतका की त्याच्या पायथ्याशी असलेल्या पाण्याच्या जागा चेपून जातात.

काँट्रास्ट ‘जास्तीचा’ का नाही, ते इथे कळेल. ड्युराचं उजळणं गॅडोलिनियम हे काँट्रास्टचं औषध दिल्याशिवाय नीट दिसत नाही. ड्युरातल्या रक्तवाहिन्यांना मेंदूतल्यासारखी अडसर-भिंत नसते, म्हणून औषध तिथे झिरपतं आणि आवरण चमकतं. 2019 साली स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या डॉक्टरांच्या गटाने या खुणांची नऊ गुणांची मोजणी मांडली. तिच्यात हे उजळणं आणि शिरांचं फुगणं यांना प्रत्येकी दोन गुण आहेत. पिट्युटरीच्या वरची पाण्याची जागा चार मिलिमीटर किंवा कमी झाली तरी दोन. पाच किंवा जास्त गुण झाले की मणक्यात गळती सापडण्याची शक्यता मोठी. काँट्रास्ट न देता काढलेल्या एमआरआयवर यातला महत्त्वाचा भाग आपण स्वतःच्या हाताने पुसून टाकतो.

दुसरी गोष्ट मी रेडिओलॉजिस्ट म्हणून सांगते, आणि ती मला फार लागते. खाली बसलेला मेंदू जन्मजात कियारी विकृतीसारखा (तिच्यात मेंदूचा खालचा भाग कवटीच्या तळातून मानेकडे उतरलेला असतो) दिसू शकतो. फुगलेली पिट्युटरी गाठ वाटू शकते, उजळलेलं आवरण मेंदुज्वर वाटू शकतं. तपासणीच्या कागदावर फक्त ‘डोकेदुखी’ एवढंच लिहिलेलं असेल तर वाचणारा चुकीच्या दिशेला जातो. कियारी समजून शस्त्रक्रिया झाली आणि गळती तशीच राहिली, तर रुग्णाची अवस्था आणखी बिघडू शकते. म्हणून हात जोडून सांगते, ‘उभं राहिल्यावर वाढते, झोपल्यावर कमी होते’ हे शब्द त्या कागदावर लिहून घ्या. 1898 मध्ये जर्मन शल्यचिकित्सक ऑगस्ट बिअर यांनी पाठीच्या भुलीचा प्रयोग स्वतःवर करून घेतला. नंतर त्यांचं डोकं उठलं की दुखे आणि आडवं झालं की थांबे. पाणी वाहून गेल्यामुळे हे होतंय, हे त्यांनी एवढ्यावरूनच ओळखलं होतं.

आता तुमचा दुसरा मुद्दा. 2021 च्या त्याच विश्लेषणात सुमारे 19 टक्के रुग्णांचा मेंदूचा एमआरआय नॉर्मल होता, त्यामुळे माझं विधान खोटं नाही. महिने उलटले की ड्युराचं उजळणं ओसरूही शकतं. पण मी ते वाक्य मोकळं सोडलं ही माझी चूक झाली. अर्धशिशीतही पडून राहिलं की बरं वाटतं. उभं राहिल्यावर नाडी फार वाढणाऱ्यांचं आणि मानेच्या त्रासाचंही डोकं उभ्याने दुखू शकतं. नॉर्मल एमआरआय आणि नुसती डोकेदुखी एवढ्या भांडवलावर मणक्यात रंग सोडून गळती शोधायला कुणी निघू नये. तुमच्या बहिणीच्या बाबतीत तपासणी तिथेच थांबली ते योग्यच झालं.

मात्र डोकेदुखी ठरावीक दिवशी सुरू झाली, उठल्यावर वाढते, सोबत कानात आवाज किंवा बहिरेपणा आहे आणि औषधांनी महिनोन्‌महिने फरक नाही, अशा माणसाला ‘एमआरआय नॉर्मल आहे, ताण घेऊ नका’ म्हणून परत पाठवणं मला मान्य नाही. 2014 साली गळतीचा एक नवा प्रकार नोंदवला गेला : मणक्यातलं पाणी थेट शेजारच्या शिरेत जातं. त्यात बाहेर पाणी साचत नाही, त्यामुळे मणक्याचा साधा एमआरआयही स्वच्छ दिसू शकतो. तो शोधायला कुशीवर झोपवून, रंग सोडून वेगळी तपासणी करावी लागते.

लेखातलं ते वाक्य मी आज बदललं आहे. आता तिथे असं आहे : ‘लक्षणं स्पष्टपणे उभं राहण्याशी बांधलेली असतील, तर काँट्रास्टसह काढलेला मेंदूचा एमआरआय नॉर्मल आला तरी न्यूरोलॉजिस्टशी पुन्हा बोला, तशी नसतील, तर आधी डोकेदुखीच्या नेहमीच्या कारणांचा विचार करा.’