चौदाव्या मुलाचं काय होतं?

पुण्यात चौदा वर्षांच्या मुलासाठी क्रिकेटची टीम शोधायची म्हटलं, की तो मुलगा सोडून सगळं घर कामाला लागतं. आजोबांचं ठरलेलं असतं: क्लब म्हणजे डेक्कन जिमखाना, फार तर पीवायसी, बाकी सगळी दुकानं. मामांच्या ऑफिसातल्या कुणाचा तरी मुलगा थेरगावला वेंगसरकर अकादमीत जातो. ऋतुराज गायकवाड तिथेच तयार झाला, हे मामा अशा सुरात सांगतात, जणू फीच्या पावतीमागेच आयपीएलचा करार छापलेला असतो. काकांना शोकेसमधले कप मोजायचे असतात. आई एवढंच विचारते, "नेणार-आणणार कोण?" या सभेत मुद्द्याचं बोलणारी ती एकटीच, म्हणून तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. अकरा खेळतात, बारावा पाणी नेतो, इथवर सगळ्यांना माहीत असतं. चौदाव्या मुलाचं काय होतं? नव्या टीममध्ये पहिल्या वर्षी तुमचा मुलगा बहुधा चौदावाच असणार आहे. (तुम्हाला तसं वाटत नाही, हे मला माहीत आहे. कुठल्याच बापाला वाटत नाही.)

आधी एक घोळ मिटवू. अकादमी शिकवते, क्लब खेळवतो. काही ठिकाणी दोन्ही एकाच कुंपणात असतात, कित्येक ठिकाणी नसतात. महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या नजरेत यायचं तर एमसीएच्या वयोगटांच्या स्पर्धांत खेळावं लागतं. म्हणून पहिल्याच भेटीत सरांना विचारायचं, "तुमची स्वतःची टीम एमसीएच्या कुठल्या वयोगटात उतरते?" उत्तर "आपली मुलं खेळतात की" असं आलं, तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर खेळतात असं समजावं. आणि महाराष्ट्राची टीम म्हणजे मुंबई आणि विदर्भ सोडून उरलेला महाराष्ट्र, कारण एका राज्यातून रणजीला तीन संघ उतरतात. त्यामुळे तुमच्या मुलाची स्पर्धा शेजारच्या बिल्डिंगमधल्या मुलाशी कमी आणि कोल्हापूर, नाशिक, सोलापूरकडच्या मुलांशी जास्त. पेठेतल्या आजोबांना हे पटायला वेळ लागतो.

आता चौदावा. क्लबाच्या बॅनरवर त्याचा फोटो नसतो, पण क्रिकहीरोज या स्कोअरच्या ॲपवर त्याचा पत्ता लागतो. टीमचं नाव टाका आणि मागच्या सीझनच्या दहा मॅच उघडा. कोण जिंकलं ते सोडून द्या. प्रत्येक मॅचमध्ये बॅटिंग किती जणांना मिळाली आणि किती जणांनी दोनपेक्षा जास्त ओव्हर टाकल्या, एवढंच कागदावर लिहून काढा. दहाही मॅचमध्ये तीच चार नावं धावा करतायत आणि तीच तीन विकेट काढतायत, तर ती टीम जोरदार आहे, फक्त तुमच्या मुलाच्या उपयोगाची नाही. तो वर्षभर पांढरे कपडे घालून डीप फाइन लेगला उभा राहील, आणि ते कपडे तुम्ही धुवाल.

जोरदार टीमचा हा तोटा पुण्याला जुनाच ठाऊक असायला हवा. १९४८ च्या डिसेंबरात पूना क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या. ब्रॅडमनच्या ४५२ चा विक्रम हाताशी आला असताना समोरची टीम सामना सोडून निघून गेली. ही गोष्ट आजोबा दर दिवाळीला सांगतात. ते सांगत नाहीत ते असं, की महाराष्ट्राच्या तेव्हा ४ बाद ८२६ झाल्या होत्या. म्हणजे पाच जणांना बॅट हातात धरायची वेळच आली नाही. रणजीत ते चालतं. चौदाव्या वर्षी सातव्या नंबरवरच्या मुलाच्या वाट्याला रविवारमागून रविवार हेच आलं, तर तो पुढच्या जूनमध्ये बास्केटबॉलचं नाव काढतो.

मॅचनंतर नेट, म्हणजे जाळीतला सराव. सर दाखवतील ते बघू नका. न सांगता एखाद्या बुधवारी जा आणि हिशोब मांडा. दोन तासांचं सेशन, त्यात पळणं, स्ट्रेचिंग, कॅचिंग यात चाळीस मिनिटं गेली. उरली ऐंशी. चाळीस मुलं, तीन नेट, म्हणजे नेटमागे तेरा. प्रत्येकाला सहा मिनिटं. वीस सेकंदांना एक चेंडू धरला तर अठरा चेंडू, आणि त्यातले पाच-सहा नेटच्या जाळीशी गप्पा मारून येतात. आठवड्यात तीन दिवस, तर कागदावर चोपन्न चेंडू, नऊ ओव्हर. त्यात पॅड बांधायला लागणारा वेळ मी धरलेला नाही. पहिल्या वर्षी मुलं डावा पॅड उजव्या पायाला बांधतात, मग सोडतात. याच ऐंशी मिनिटांत नेटमागे सहा मुलं असतील, तर प्रत्येकाला तेरा मिनिटं आणि चाळीसेक चेंडू मिळतात. बॉलिंग मशीन कुठल्या देशाची आहे यापेक्षा मला हा भागाकार महत्त्वाचा वाटतो.

उभं राहिलाच आहात तर खाली बघा. काथ्याची मॅट चारी बाजूंनी ताणून खिळे ठोकलेले आहेत का? मॅटला सुरकुती असली, की गुड लेंग्थचा चेंडू अचानक हनुवटीशी येतो, आणि मुलगा पुढे यायचं विसरतो. ती सवय सुटायला दोन वर्षं जातात. सिमेंटवर किंवा ॲस्ट्रोवर (नकली गवतावर) सीझन बॉलची, म्हणजे कातडी चेंडूची, शिवण लवकर घासते आणि उसळी एकसारखी येते. तिथे बॅटिंग झकास दिसते, मॅचला टर्फवर, म्हणजे मातीच्या खेळपट्टीवर, गेलं की उघडं पडतं. वळणाऱ्या टर्फवर भल्याभल्यांचं काय होतं ते गहुंज्याच्या स्टेडियमवर फेब्रुवारी २०१७ च्या कसोटीत दिसलं होतं: भारताचे दोन डाव १०५ आणि १०७, आणि ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओ'कीफच्या ७० धावांत १२ विकेट. आठवड्यातून एक दिवस तरी टर्फ मिळतं का, हे विचारा. बॉल टू-पीस (कातड्याच्या दोन तुकड्यांचा) वापरतात की फोर-पीस (चार तुकड्यांचा), हेही विचारा. टू-पीस स्वस्त असतो, पण लवकर आकार सोडतो, आणि स्विंग शिकणाऱ्या मुलाला त्यातून काही कळत नाही. जून ते सप्टेंबर काय करतात, हे तर विचाराच. पावसाळ्यात मैदान भिजतं, फी भिजत नाही.

मुलगा फास्ट बॉलर असेल तर इथे थांबून नीट वाचा. या वयात उंची झपाट्याने वाढते, कमरेची हाडं अजून कच्ची असतात आणि जोरात बॉलिंग करणाऱ्या मुलाच्या पाठीच्या खालच्या मणक्याला बारीक तडा जाऊ शकतो. उजव्या हाताने टाकणाऱ्याला तो बहुधा डावीकडे जातो. मागे वाकल्यावर एकाच बाजूला दुखत असेल, तर बाम लावून खेळवायचं नाही, डॉक्टर गाठायचा. इंग्लंडच्या बोर्डाने पंधरा वर्षांखालच्या फास्ट बॉलरला एका स्पेलमध्ये (एका दमात) ६ आणि दिवसात १२ ओव्हरची मर्यादा घातली आहे. आपल्याकडे मुलगा सकाळी शाळेच्या मॅचला दहा टाकतो, संध्याकाळी नेटमध्ये "अजून एक राउंड" म्हणून अर्धा तास टाकतो, आणि कुठल्याच सरांना दुसऱ्या सरांनी काय केलं ते माहीत नसतं. ज्या टीममध्ये बॉलरच्या ओव्हर वहीत लिहून ठेवतात, तिथे माझं मत जातं, तिचं मैदान नांगरलेलं असलं तरी.

शाळेचं नाव निघालंच आहे, तर वयाचं. शालेय स्पर्धांत गट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे, मोजणी १ जानेवारीपासून. क्रिकेट बोर्डाकडे गट १६ आणि १९ चे, मोजणी १ सप्टेंबरपासून. त्यामुळे एकच मुलगा शाळेत धाकटा आणि क्लबात थोरला असू शकतो. सप्टेंबरात जन्मलेला गटातला सगळ्यात मोठा, ऑगस्टातला सगळ्यात लहान, आणि या वयात वर्षाला तीन-साडेतीन इंच उंची वाढते. ऑगस्टातल्या मुलाला निवडला नाही म्हणून लगेच सरांवर चिडू नका, कॅलेंडरवर चिडा. समोरच्या टीममध्ये मिशा दिसल्या तर बाउंडरीबाहेरून ओरडूनही उपयोग नाही. बोर्डाच्या सोळा वर्षांखालच्या स्पर्धेला जाताना डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून टीडब्ल्यू-३ पद्धतीने हाडांचं वय मोजतात. गंमत म्हणजे वय खरं असूनही लवकर वाढलेल्या मुलाचं हाड पुढे निघू शकतं. तेव्हा आपलाच मुलगा आडदांड असेल तर इतरांच्या मिशांबद्दल जपून बोलावं.

टीमला तुमच्या मुलाची गरज आहे का, हे कुणीच तपासत नाही. विकेटकीपर एकच खेळतो. तिथला कीपर जर कॅप्टन असेल आणि ओपनिंगलाही येत असेल, तर तुमचा कीपर दोन सीझन ग्लोव्हज फक्त वाळत घालेल. चार डावरे स्पिनर आधीच असतील तर पाचवा नेऊन काय करणार? कमी नावाच्या क्लबात कीपर नसतो, तिथे मुलगा पहिल्या दिवशी स्टंपमागे उभा राहतो.

पैशांचं थोडक्यात. फी कळते, बाकीचं नंतर कळतं: मॅच फी, बॉलचा वाटा, बाहेरगावचे दौरे, मे महिन्यातला कॅम्प आणि "याला जरा वन-टू-वन लागेल". बॅट सरांकडूनच घ्यावी लागत असेल तर नमस्कार करून निघावं. इंग्लिश विलोची नवी बॅट घेतलीच, तर सीझन बॉल खेळण्याआधी लाकडी हातोडीने काही तास ठोकावी लागते, रोज थोडी थोडी, कडा आणि टोकाकडे हलक्या हाताने. हे काम रात्री दहानंतर करू नये. खालच्या मजल्यावरचे जोशी सोसायटीच्या वहीत लिहितात.

आणि आता आईचा प्रश्न. कात्रजहून थेरगावला संध्याकाळी साडेपाचला पोचायचं तर मुलाने शाळा मधल्या सुट्टीतच सोडावी. माझा नियम सोपा आहे: स्कूटरच्या पुढ्यात किट बॅग आडवी ठेवून, मागे मुलगा बसवून, वाहतुकीच्या वेळेला अर्ध्या तासात जे मैदान येतं, तेवढीच मैदानं यादीत. पलीकडचं कितीही नावाजलेलं असो, नोव्हेंबरपर्यंत तुम्ही "आज राहू दे" म्हणायला लागता आणि जानेवारीत मुलगा म्हणतो.

ट्रायलला जाताना मूळ जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाइड आणि स्वतःचा एल-गार्ड (पँटच्या आत घालायचा तो) न्यावा. शेवटची वस्तू उसनी मागायची नसते. मुलाला सहा ते बारा चेंडू मिळतील. फॉर्मवर "ऑलराउंडर" लिहू नका. सगळेच बाप लिहितात, मग मुलगा पॅड बांधून एका रांगेत उभा राहतो, पॅड सोडून दुसऱ्या रांगेत, आणि दोन्हीकडे दमलेला पोचतो. बॅट्समन की बॉलर, ते त्याचं त्याला लिहू द्या. पेन त्याच्या हातात ठेवा आणि स्कूटर उन्हात तर नाही ना, ते बघून या.