मावशींची खुर्ची आणि मॅस्लोचा त्रिकोण

आमच्या सोसायटीत जिने झाडायला येणाऱ्या मावशींनी गेल्या महिन्यात एकच मागणी केली: डबा खायला एक खुर्ची आणि पंख्याखालचा कोपरा. सध्या त्या मीटरच्या खोलीबाहेर पायरीवर, लोकांच्या चपला बाजूला सारून जेवतात. ग्रुपवर चर्चा सुरू झाली आणि तासाभरात कुणीतरी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लोच्या नावाने फिरणारा तो गरजांचा रंगीत त्रिकोण टाकला: तळाशी अन्न-पाणी, त्यावर सुरक्षितता, मग प्रेम, मग मान, टोकाला स्वतःला फुलवणं. खाली मजकूर: ‘मॅस्लोने १९४३ सालीच हा पिरॅमिड काढून सिद्ध केलंय. खालची पायरी शंभर टक्के भरल्याशिवाय माणसाला वरची गरज वाटतच नाही. गरिबाला आधी भाकरी द्या, मान-सन्मान ही भरल्या पोटाची चैन.’ हाच फॉरवर्ड मला याआधी तीन ग्रुपांवर आलाय.

पहिली गोष्ट, पिरॅमिड मॅस्लोने काढलाच नाही. १९४३ च्या त्याच्या लेखात गरजांचा क्रम आहे, त्रिकोण नाही. आतापर्यंत सापडलेलं सर्वांत जुनं चित्र १९६० सालचं, चार्ल्स मॅकडर्मिड नावाच्या सल्लागाराचं, आणि तेही कामगारांना पैशाने कसं हलवावं यावरच्या लेखातलं. (‘मॅस्लोने पिरॅमिड ब्लॅकफूट आदिवासींच्या तंबूवरून चोरला’ असा उलटा फॉरवर्डही फिरतो. १९३८ च्या उन्हाळ्यात तो कॅनडातल्या अल्बर्टात त्यांच्याकडे राहिला होता आणि भारावून परतला, हे खरं. पण न काढलेलं चित्र चोरणार कसं?)

‘शंभर टक्के’ हे तर त्याच लेखाच्या विरुद्ध आहे. असा गैरसमज होईल हे ओळखून मॅस्लोने तिथेच खुलासा केला. समजा, सामान्य माणसाच्या शारीरिक गरजा ८५ टक्के भागलेल्या असतात, सुरक्षिततेच्या ७०, प्रेमाच्या ५०, स्वाभिमानाच्या ४० आणि आत्मवास्तविकीकरणाच्या, म्हणजे स्वतःला पूर्ण फुलवण्याच्या, १०. आकडे उदाहरणापुरते घेतलेत, हेही तोच सांगतो. म्हणजे सगळ्या गरजा एकाच वेळी, अर्ध्यामुर्ध्या. क्रम उलटा असणारी माणसंही तो नोंदवतो: पोटाची आबाळ झाली तरी निर्मिती न सोडणारी, तत्त्वासाठी सगळं सोडून देणारी.

एक मात्र मान्य करू. भाकरी नसेल तेव्हा माणूस भाकरीवरच जगतो, असं त्याने लिहिलंय. आपल्याकडे ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ म्हणतातच. पण ते हाडं दिसेपर्यंतच्या उपासमारीबद्दल. अशी वेळ तो राहत होता त्या समाजात क्वचितच येते, हेही त्यानेच सांगितलं.

आणि ‘गरिबाला मान नंतर’? पाण्याहून खालची पायरी कुठली? २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर लोक गेले ते पाण्यासाठीच, असं त्रिकोणवाला म्हणेल. बाबासाहेबांनी त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेत उलट सांगितलं: ते पाणी प्यालो नाही म्हणून आपण मरत नव्हतो, इतरांसारखी आपणही माणसं आहोत हे ठरवायला तळ्यावर जायचं आहे. तहान आणि मान एकाच ओंजळीत होते. त्यातला कुठला थर आधी, हे मला तरी सांगता यायचं नाही.

उदयपूर जिल्ह्यातल्या अत्यंत गरीब घरांचा अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला. ९९ टक्क्यांहून जास्त घरांनी वर्षभरात लग्न, मर्तिक किंवा सणावर खर्च केला होता. पोटाला चिमटा घेऊनच ना?

राहिलं ‘सिद्ध केलंय’. नाही. २०११ मध्ये ताय आणि डीनर या मानसशास्त्रज्ञांनी १२३ देशांतली माहिती तपासली. गरजा जवळपास सगळीकडे त्याच निघाल्या, पण आधीची भागल्याशिवाय पुढची सुख देत नाही, असं दिसलं नाही.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. उत्तर आलं, ‘खुर्ची आणायची कुठून?’ क्लब हाऊसमध्ये प्लास्टिकच्या चाळीस पडून आहेत, गणपतीपुरत्या बाहेर निघतात.