तांबडीचं दवापाणी

मे महिन्यात सोलापुरात कोण आजारी आहे आणि कोण नुसतंच सोलापुरात आहे, हे ओळखणं अवघड. पारा 43 वर. चोच उघडी, पंख अंगापासून सुटलेले, डोळे अर्धे मिटलेले. आमच्या चारही कोंबड्या अशाच. चोच सोडली तर मीही असाच. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकूनच अंग निववते. त्यामुळे तांबडीकडे मी दोन दिवस लक्षच दिलं नाही. तिसऱ्या दिवशी मात्र अंगणात शेंगाचटणी सांडली आणि ती जागची हलली नाही. पक्ष्यांना मिरची झोंबत नाही. चटणी म्हणजे तांबडीचा जीव की प्राण. मग मात्र माझ्या पोटात गोळा आला.

आमचं घर पूर्व भागात. एका अंगाला चादरींचा कारखाना, दुसऱ्या अंगाला विड्या वळणाऱ्या अम्मा, समोर अक्कलकोटकडच्या मावशी. सल्ला तीन भाषांत मिळतो, तिन्हींत फुकट.

"एमैंदी?" काय झालं, असं अम्मांनी मांडीवरचं सूप न हलवता तेलुगूत विचारलं. लांबूनच निदान झालं: उवा. सुपातली चिमूटभर तंबाखू माझ्या तळहातावर आली, पिसांच्या मुळाशी चोळायला. तांबडी शांत बसून राहिली. मी चौदा वेळा शिंकलो.

मावशींना उवा मान्य नव्हत्या. "मानमोडी हाय री ही!" मी हादरलोच. मानमोडी म्हणजे रानीखेत. नाव उत्तराखंडातल्या थंड हवेच्या गावाचं, पण रोग विषाणूचा आणि त्याला औषध नाही. लस आधीच द्यायची असते. पिल्लू आठवड्याचं असताना लासोटाचा थेंब डोळ्यात. तांबडी मी बाजारातून थोराड झालेलीच आणली होती, तिच्या बालपणाची मला काय कल्पना? पण मान तर सरळ होती. मावशींनी दोनदा वाकून बघितलं आणि जरा हिरमुसल्याच. तरी लसूण, हळद, ओवा आणि गुळाची गोळी करून द्यायला सांगितलंच. "मानमोडी नसली तर सर्दी असंल की!"

कोंबडीला गोळी देणं हे दोन माणसांचं काम. बायकोने पंख दाबून काखेत धरायचं, मी चोच उघडायची. चोच उघडली, गोळी टाकली, चोच मिटली. तांबडीने माझ्याकडे एक डोळा करून पाहिलं (कोंबडी सहसा दोन्ही डोळ्यांनी निरखत नाही, अपमान एकाच डोळ्याने करते) आणि मान अशी झाडली की हळदीचा लगदा थेट माझ्या चष्म्यावर. लग्नानंतर एवढी हळद मला प्रथमच लागली.

ऑफिसात एक सहकारी होमिओपॅथीवाले. त्यांनी तांबडीची सगळी कुंडली मागितली. स्वभाव भित्रा की हट्टी? थंड आवडतं की गरम? एकटं राहावंसं वाटतं का? एवढी चौकशी माझ्या लग्नात सासऱ्यांनीही केली नव्हती. दिवसातून तीनदा चार-चार गोळ्या. हात लावायचा नाही, झाकणात घेऊन द्यायच्या. मी झाकण तिच्यापुढे ठेवलं आणि बाटली बाजूला. तांबडी बघत राहिली. बाकीच्या तिघींनी बाटली आडवी केली आणि साबुदाणा समजून महिनाभराचा कोर्स अर्ध्या मिनिटात संपवला. त्या आजवर ठणठणीत आहेत, हे मात्र मान्य केलं पाहिजे.

संध्याकाळी आईने सूत्रं हातात घेतली. मीठ, मोहऱ्या, सात मिरच्या तांबडीवरून उतरवून विस्तवावर टाकल्या. अम्मा खोकल्या, मावशी खोकल्या, कारखान्यातले दोन कामगार बाहेर येऊन खोकले. तांबडी ढिम्म. "बघ, ठसकासुद्धा लागला नाही. दृष्टच होती!" मिरचीचं शास्त्र तिला सांगायला मी तोंड उघडलं, पण मलाच उबळ आली.

शेवटी टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेली. रांगेत पुढे एक म्हैस आणि दोन शेळ्या. डॉक्टरांनी डोळे पाहिले नाहीत, स्वभाव विचारला नाही. गळ्याखालची पिशवी दोन बोटांनी दाबली.

"रात्री भरलेली ही पिशवी सकाळी रिकामी लागते. हिची दगड झालीय. काय खाल्लं हिनं?"

काय सांगणार? लसूण, हळद, ओवा, गूळ म्हणालो. तंबाखूचं बोललो नाही.

जागेला भूल देऊन त्यांनी बोटभर चीर दिली आणि चिमट्याने ओढायला सुरुवात केली. लाल सूत आलं, निळं आलं, पिवळं आलं, परत लाल. कारखान्याच्या दारात झाडून टाकलेली तुटकी सुतं तांबडीने गांडुळं समजून गिळली होती, त्यांचा लिंबाएवढा गोळा. तो काढून झाल्यावर डॉक्टरांनी सुई मागवली आणि धाग्यानेच तिला शिवलं. काही दिवस मऊ भात आणि दही, दाणा बंद.

घरी आलो तर गल्ली दारातच. तो गोळा कागदात बांधून आणला होता, कारखानदारांना दाखवून चार शब्द सुनवावेत म्हणून. त्यांनी तो घेतला, नळाखाली धुतला, पांढऱ्या रुमालावर घासला, उजेडात धरला.

"बघा साहेब," ते रुमाल माझ्यापुढे नाचवत म्हणाले, "चार दिवस कोंबडीच्या पोटात, तरी रंग गेला का? ही सोलापुरी चादर!"