बहुमताने अदानाची

काल तुर्कस्तानात, अंकाराच्या एका दोलमुशमध्ये मी कुठली, हे माझ्यादेखत बहुमताने ठरलं. माझं मत धरलं नाही.

मी पुण्याची. शिकायला जर्मनीत गेले, तिथेच राहिले आणि सध्या ‘युरोपियन सॉलिडॅरिटी कोअर’मधून इथे स्वयंसेवक आहे. १८ ते ३० वयाच्या पोरांनी परक्या देशात दोन महिने ते वर्षभर राहून काम करायचं, अशी ही योजना. राहण्या-खाण्याची सोय, वर थोडा हातखर्च, पगार नाही. जर्मनीत रीतसर राहत असल्यामुळे मीही ‘युरोपियन तरुणाई’त मोडते. म्हणजे कागदोपत्री.

दोलमुश म्हणजे आपली वडापच, फक्त कंडक्टर नाही. मागच्याने पुढच्याच्या खांद्याला नोट लावायची, त्याने आणखी पुढे द्यायची, सुट्टे त्याच वाटेने परत. ड्रायव्हरच्या मागे जो बसेल तो बिनपगारी कंडक्टर. काल ती जागा माझी होती. शेजारी आमच्या फ्लॅटमधली फिनलंडची पोरगी, आणि मागे बाजार करून निघालेली एक तेयझे, म्हणजे मावशी. तिच्या पिशवीतल्या हातभर लांब लीकची, म्हणजे जाड कांदापातीसारख्या भाजीची, पाती गाडी वळली की माझ्या मानेवर फिरायची.

फिनलंडवालीने नोट पुढे करताना “तेशेक्कुर”, म्हणजे धन्यवाद, एवढंच म्हटलं. मावशी विरघळली. “माशाल्ला! काय गोड तुर्की बोलते!”

मग मी रात्र-रात्र घोकलेले प्रत्यय नीट जागच्या जागी लावून विचारलं, “मावशी, तुमचे हे दोघांचे पैसे की एकाचे?”

“एकाचे. दे की लवकर पुढे.”

वर तीच म्हणाली, “अदानाची का गं तू?” अदाना हे इथलं दक्षिणेकडचं शहर.

“नाही, हिंदुस्तानची.”

मावशीने मान मागे टाकून भुवया उडवल्या आणि जिभेने ‘चक्’ केलं. इथे नकाराला तेवढं पुरतं. “हिंदुस्तानच्या बायका मी रोज दुपारी टीव्हीवर बघते. झोपतानासुद्धा अंगभर दागिने असतात त्यांच्या. तुझ्या कानात साधा डूलही नाही.”

आपल्या मालिका इथे तुर्कीत डब होऊन लागतात. त्या सासवांनी माझं एवढं नुकसान करावं असं मी त्यांचं काय घोडं मारलं होतं?

“बरं, मग जर्मनीहून आले म्हणा.”

“जर्मन ही आहे,” मावशीने शेजारी बोट दाखवलं.

“ही फिनलंडची.”

“तेच ते.”

तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, उर्फाची असेल. खिडकीपाशी पेपर वाचणाऱ्या आजोबांनी चष्मा वर करून मला निरखलं आणि अंताक्या सुचवलं. ही शहरंही दक्षिणेकडचीच. शेवटी ड्रायव्हर आरशातून बोलला, “अदानाच. माझी बायको तिथलीच आहे, मी डोळ्यांवरून ओळखतो.” ठराव पास. या सगळ्यात लोकांच्या नोटा पुढे आणि सुट्टे मागे करायचं काम चालूच होतं, अर्थात माझं.

“आणि काम काय करतेस?”

मुलांच्या वाचनालयात खेळ घेते, गोष्टी सांगते, असं सांगितलं.

“पगार?”

“नाही.”

मावशीचा चेहरा पडला. जर्मनीशी १९६१ मध्ये कामगारांचा करार झाला, त्यानंतर इथली लाखो माणसं तिकडे गेली. तिचा दीरही त्यातलाच. कारखान्यात कंबर मोडेस्तोवर राबला आणि गावात घर बांधलं. “आणि तू तिथून इथे येऊन फुकट राबतेस? कोणी फसवलं गं तुला?”

“हीसुद्धा फुकटच करते.”

“ती हौसेने आलीये. आफेरिन!” आफेरिन म्हणजे शाबास.

सुरुवातीच्या प्रशिक्षणात आम्हाला हिमनगाचं चित्र काढून ‘सांस्कृतिक धक्का’ शिकवला होता. घरात जोडे घालायचे नाहीत, पोट फुटेस्तोवर वाढतील, लग्नाचं विचारतील. फिनलंडवाली सगळं टिपून घेत होती. मी काय टिपणार? हा अभ्यास माझा जन्मापासून चालू आहे. ग्लासवर चमचा आडवा ठेवला की चहा ओतणं थांबतं, एवढंच नवीन कळलं. ही सोय आमच्या आत्याकडे असती तर बरं झालं असतं.

मला धक्का बसला तो आमच्याच योजनेतल्या लोकांकडून. ‘देशोदेशींची संध्याकाळ’ ठरली, तेव्हा मी जर्मनीच्या टेबलासाठी बटाट्याचं सॅलड करते म्हटलं. तर एकजण प्रेमाने म्हणाला, “तू साडी नेस ना, लोकांना तेच आवडेल.” नेसले. पत्रकावर फोटो आला तो फिनलंडवालीचा. माझी निरी तेवढी कोपऱ्यात दिसते. तिला इथे ९० दिवस व्हिसाही लागत नाही. मी व्हिसासाठी जमवलेल्या कागदांची थप्पी अजून टेबलावर आहे. तिच्यावर राग नाही. पोरगी चांगली आहे, भांडीही घासते. पण राग कुणावर तरी काढायला हवा की नको?

आमचा थांबा आला. “सोयीच्या जागी थांबवा,” मी शुद्ध तुर्कीत दोनदा म्हटलं. गाडी चालूच. फिनलंडवालीने मोडकंतोडकं काहीतरी म्हटलं, तर करकचून ब्रेक लागला. मागून टाळ्या.

उतरताना लक्षात आलं, मी दोनशे लिराची नोट दिली होती आणि सगळ्यांचे सुट्टे वाटण्यात माझेच राहिले. ड्रायव्हर म्हणाला, “आब्ला, मी केव्हाच मागे दिले.” आब्ला म्हणजे ताई. मागे सगळे खिडकीबाहेर बघू लागले.

मावशीने लीकची पिशवी सावरली आणि मला झापलं, “पैशाकडे लक्ष नको ठेवायला? ही बिचारी परकी आहे, तिचं चालतं. तू तर अदानाची!”