समुद्री बुरशीचे ‘दडवलेले’ औषध : एका संदेशाचा प्रतिवाद

समुद्रातील बुरशीपासून कर्करोग बरा करणारे औषध सापडले आहे, कंपन्यांनी ते दडवले आहे आणि नैसर्गिक असल्याने तिची पावडर निर्धास्त घ्यावी, असा संदेश नाशिकमधील अनेक व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरतो आहे. तो रुग्णांच्या घरी पोहोचत असल्याने मला त्याची काळजी वाटते.

‘सापडले’ म्हणजे काय, हे आधी पाहू. स्पंज, शैवाल किंवा गाळातून बुरशी वेगळी करून वाढवतात, तिचा अर्क काढतात, ज्ञात संयुगे वगळतात आणि उरलेल्यांची रचना ठरवतात. अशी शेकडो नवी संयुगे दरवर्षी नोंदवली जातात. त्यांतील काहींनी काचपात्रातील कर्कपेशी मारल्या, तरी तेवढ्याने औषध होत नाही.

दडवल्याचा आरोप तर नोंदींपुढे टिकतच नाही. शैवालावरील अ‍ॅस्परजिलस बुरशीत मिळालेल्या हॅलिमाइड या संयुगाच्या धर्तीवर प्लिनाब्युलिन हे संयुग घडवले गेले आणि एका कंपनीनेच त्याच्या रुग्णांवर चाचण्या केल्या. केमोथेरपीत पांढऱ्या पेशी घटू नयेत म्हणून ते वापरण्याची परवानगी अमेरिकेच्या औषध नियामकाने 2021 मध्ये नाकारली आणि आणखी एक चाचणी मागितली. हे सारे जाहीर आहे.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे विधान सर्वांत घातक आहे. सागरी बुरशींतही आढळणारे ग्लायोटॉक्सिन हे विष कर्कपेशींना मारते, पण ते रोगप्रतिकारशक्तीही दडपते, आणि केमोथेरपी घेणाऱ्याची ती शक्ती आधीच खालावलेली असते.

समुद्री बुरशीने औषध दिलेच नाही, असे मात्र नाही. 1945 मध्ये इटालियन डॉक्टर ज्युसेप्पे ब्रोत्झू यांनी इटलीच्या सार्डिनिया बेटावरील कॅग्लियारी येथे, सांडपाणी समुद्राला मिळते तेथून, एक बुरशी मिळवली. ऑक्सफर्डमध्ये तिच्यातून सेफॅलोस्पोरिन सी हे जिवाणूंना मारणारे प्रतिजैविक वेगळे केले गेले. ते स्वतः दुबळे होते. रेणूच्या बाजूच्या साखळ्या बदलल्यावर 1964 मध्ये पहिले औषध बाजारात आले आणि आजचे सेफिक्झिम त्याच कुळातले आहे. आपल्या द्राक्षबागायतदारांच्या फवारणीतील अ‍ॅझॉक्सीस्ट्रॉबिन हे बुरशीनाशकही असेच घडले : पाइनच्या शंकूंवर वाढणाऱ्या बुरशीतील मूळ संयुग उन्हात टिकत नव्हते, म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी ते बदलले.

राहिली पावडर. एकच बुरशी वेगळ्या माध्यमात किंवा वेगळ्या क्षारतेत वाढवली, तर ती वेगळी संयुगे बनवते. त्यामुळे दोन डब्यांत एकच द्रव्य, एकाच प्रमाणात असेल याची खात्री विकणाऱ्यालाही देता येणार नाही.