टॅली उघडायला पाच मिनिटं: अंबडच्या ताईंच्या तक्रारीला दुकानातर्फे उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची तक्रार रविवारी रात्री वाचली. फोनवर बोलून काही उमगणार नव्हतं, म्हणून सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी तुमच्या नाशिकमधल्या अंबडच्या युनिटवर आलो, मशीन पाहिलं आणि मगच लिहायला बसलो.

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. आमच्या दुकानातून १,८५० रुपयांना तीन वर्षांचं अँटीव्हायरस घेतलं. तेव्हापासून कॉम्प्युटर इतका स्लो झाला की टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) उघडायला पाच मिनिटं लागतात. ऐन मार्चएंडला, द्राक्षाच्या खोक्यांचा डिस्पॅच जोरात असताना, त्याने तुमचं लेबल प्रिंट करायचं सॉफ्टवेअर व्हायरस समजून उडवलं. आमच्याकडे फोन केला तर ‘बंद करून चालू करा’ एवढंच सांगितलं. भाचा म्हणतो, विंडोजमध्ये फुकट येतं तेवढं पुरेसं होतं. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘यांना फक्त कमिशनशी मतलब.’

कमिशनचं आधी सांगतो. त्या पॅकवर आम्हाला साडेतीनशे रुपये सुटले. दुकान त्यावरच चालतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण त्या पैशाच्या बदल्यात जे काम आम्ही करायला हवं होतं, ते केलं नाही. तुमचा राग त्याचा आहे आणि तो रास्त आहे.

घड्याळाशेजारच्या छोट्या बाणावर क्लिक केलं तर तिथे दोन ढाली दिसल्या. एक आम्ही टाकलेल्या अँटीव्हायरसची. दुसरी मशीनसोबत कधीकाळी आलेल्या ट्रायल अँटीव्हायरसची, मुदत संपलेली, पण मागे गुपचूप चालूच. आमच्या दुकानात काम करणाऱ्या मुलाने जुनं न काढता त्यावर नवीन टाकलं होतं. विंडोजचं स्वतःचं फुकट अँटीव्हायरस, म्हणजे डिफेंडर, अशा वेळी समजूतदारपणे वागतं, दुसरं अँटीव्हायरस आलं की आपणहून बाजूला होतं. बाहेरची दोन मात्र एकमेकांना जागा देत नाहीत. टॅली एक फाइल उघडतं, ती दोघंही तपासतात, आणि टॅली तर एका वेळी पुष्कळ फाइल उघडतं. आमचं अँटीव्हायरस बंद करून ठेवलेलं होतं (त्याबद्दल खाली लिहितो), ते चालू करून टास्क मॅनेजर उघडला तेव्हा प्रोसेसर निवांत होता आणि डिस्क मात्र १०० टक्क्यांवर अडकली होती. जुनं अँटीव्हायरस त्याच्याच कंपनीच्या रिमूव्हल टूलने काढलं, मशीन रीस्टार्ट केलं, टॅली चाळीस सेकंदांत उघडलं. तुम्ही शेजारीच उभ्या होतात. हे काम पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं. चूक आमची आहे, मुलाची नाही. तपासून घ्यायची जबाबदारी माझी होती.

चाळीस सेकंदही जास्तच आहेत, पण त्याला कारण जुनी फिरती हार्ड डिस्क आणि ४ जीबी रॅम. पॅक विकताना मशीनचं वय विचारलं असतं, तर मी तुम्हाला त्या पैशात थोडी भर घालून आधी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाका असंच सांगितलं असतं.

आता लेबलच्या सॉफ्टवेअरचं. ते तुम्हाला सातपूरच्या एका प्रोग्रामरने खास बनवून दिलंय, त्यावर कुठल्या कंपनीची डिजिटल सही नाही. अँटीव्हायरस फक्त ओळखीचे व्हायरस शोधत नाही, अनोळखी प्रोग्राम काय हालचाल करतो यावरूनही संशय घेतं. त्यामुळे असा चुकीचा संशय कुठल्याही कंपनीच्या अँटीव्हायरसमध्ये येऊ शकतो. फाइल डिलीट झाली नव्हती, क्वारंटाइनमध्ये, म्हणजे अँटीव्हायरसने बाजूला कोंडून ठेवलेली होती, आणि तिथून दोन मिनिटांत परत आणता आली असती. फोनवर हे सांगायचं सोडून ‘बंद करून चालू करा’ सांगितलं गेलं, याची मला जास्त लाज वाटते. सोमवारी मी ती फाइल आधी व्हायरसटोटल या वेबसाइटवर तपासली. तिथे वेगवेगळ्या अँटीव्हायरसची साठ-सत्तर इंजिनं एकाच वेळी फाइल पाहतात. दोघांनीच शंका घेतली, बाकीच्यांना ती साफ वाटली. मग तेवढ्या एका प्रोग्रामला सूट दिली. (वाचणाऱ्यांना एक सांगतो: तिथे प्रोग्राम टाका, पण गिऱ्हाइकाची बिलं, बँकेचे कागद टाकू नका. टाकलेली फाइल इतरांनाही पाहता येते.)

पुढचं तुमची परवानगी घेऊन लिहितोय. तुमच्या मशीनवरचं संरक्षण २९ मार्चपासून पूर्ण बंद होतं. गेटवर टेम्पो उभा, लेबल निघत नाही, फोनवर आमच्याकडून मदत नाही. अशा वेळी कुणीही तेच करेल. पण परत चालू करायचं राहून गेलं. आणि डाउनलोड्समध्ये व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून उतरलेली एक फाइल होती. नावात जीएसटी नोटीस, चित्र पीडीएफचं. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवून ठेवतं. मी व्ह्यूमध्ये जाऊन ते दाखवायला सांगितलं, तेव्हा ‘.pdf’च्या पुढे ‘.exe’ निघालं, म्हणजे कागद नाही, प्रोग्राम. संरक्षण चालू केल्याबरोबर अँटीव्हायरसने ती फाइल पकडली. तुमच्या ऑफिसात कुणी ती उघडली नव्हती, हे आपलं नशीब. तेवढी एक सेटिंग मी तशीच ठेवलीय, आता नावाचं शेपूट कायम दिसेल.

भाच्याचं म्हणणं मला उडवून लावायचं नाही. विंडोज १० आणि ११ मधलं डिफेंडर चांगलं आहे. जर्मनीची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियाची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या दोन प्रयोगशाळा वेगवेगळ्या कंपन्यांची अँटीव्हायरस तपासतात, त्यांच्या निकालात डिफेंडर बरीच वर्षं वरच्या रांगेत असतं. एकट्याचं मशीन, अपडेट वेळेवर, ओरिजिनल विंडोज, तर मीही पैसे खर्च करू नका म्हणतो. गंगापूर रोडच्या कितीतरी गिऱ्हाइकांना तसंच परत पाठवलंय.

पण तुमच्या मशीनचं दुखणं वेगळं आहे, आणि ते भाच्यालाही दाखवा. तुमच्याकडे विंडोज १० आहे. त्याचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. अँटीव्हायरसची व्हायरसची यादी रोज नवी होत राहील, फुकटचं असो की विकतचं, पण विंडोजमध्येच सापडलेलं भोक ते बुजवू शकत नाही. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरातले कॉम्प्युटर लॉक केले, तेव्हा ज्या भोकातून तो शिरला त्याचा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. मार खाल्ला तो अपडेट न टाकलेल्यांनी. तुमचा आय-थ्री प्रोसेसर सहाव्या पिढीचा आहे, विंडोज ११ अधिकृतपणे त्यावर बसत नाही. पैसे भरून वाढीव अपडेट घेता येतात, पण ते काही काळापुरतं. एवढ्यात नवीन मशीन घ्यायचं मनात असेल, तर या मशीनवर अँटीव्हायरसचं तीन वर्षांचं पॅक मी तुम्हाला द्यायलाच नको होतं. हे विकायच्या आधी विचारायचे प्रश्न होते: मशीन किती जुनं, त्यावर बसतं कोण, नेट बँकिंग आणि डिजिटल सिग्नेचर त्याच मशीनवर आहे का, टॅली सोडून काय काय चालतं. कंपनीचं नाव त्यानंतर.

आणि कुठलंही निवडा, आधी महिनाभराचं ट्रायल टाकून कामाच्या दिवशी पाहा. टॅली उघडं, लेबल प्रिंटर चालू, ब्राउझरमध्ये ई-वे बिल. रिकाम्या मशीनवर सगळीच वेगवान वाटतात. तीन-चार कॉम्प्युटर झाले तर एकाच जागेवरून सगळ्यांवर नजर ठेवता येईल असं ऑफिसचं पॅक घ्या. त्यात संरक्षण बंद करायला पासवर्ड लागतो, आणि कोणत्या मशीनवर ते बंद आहे हे दुसऱ्या दिवशीच दिसतं. तुमच्याकडे तसं असतं, तर २९ मार्चची गोष्ट ३० तारखेला कळली असती.

टॅलीचा बॅकअप तुम्ही रोज घेता, हे बघून फार बरं वाटलं. फक्त तो पेनड्राइव्ह मशीनच्या मागे कायम लावलेला होता. फाइल लॉक करणारा व्हायरस आला तर जोडलेला पेनड्राइव्हही लॉक करतो, अँटीव्हायरस कितीही भारी असलं तरी. असे दोन ठेवा, आलटून पालटून लावा, काम झालं की काढा, एक घरी न्या. कागदावर लिहून तुमच्या टेबलाच्या काचेखाली ठेवलंय.

१,८५० रुपये काल तुमच्या फर्मच्या खात्यावर परत केलेत. सध्या टाकलेलं अँटीव्हायरस नवीन मशीन येईपर्यंत तसंच वापरा, त्याचे पैसे नकोत. तक्रारीसोबत दुकानाला दिलेला एकच स्टार तसाच राहू द्या, त्याबद्दल मी काही म्हणणार नाही.

एक काम अजून बाकी आहे. लायसन्स आमच्या मुलाने स्वतःच्या मोबाईल नंबरवर रजिस्टर केलंय, ही आमच्या धंद्यातली वाईट सवय. उद्या तो दुकान सोडून गेला तर रिन्यू करायला तुम्ही अडकाल. शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर मी स्वतः येतो आणि ते तुमच्या नंबरवर आणि ईमेलवर वळवून देतो. तुमच्या मोबाईलवर ओटीपी येईल. तो मला सांगू नका, तुमच्या हाताने टाका.