काळीभोर शिराझ आणि दिंडोरीची दोन एकर

फेब्रुवारीत दिंडोरीच्या चुलतभावाशी माझं बोलणं दोघांची तोडणीची गडबड सांभाळून होतं. मी राहतो ऑस्ट्रेलियात, ॲडलेडजवळच्या बरोसा खोऱ्यात. इथं उन्हाळ्याच्या शेवटी वाईनची द्राक्षं काढतात, दाट लाल वाईन देणारी शिराझ ही त्यातलीच एक जात. नाशिककडे पावसाळा टळावा म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटणी घेतात, त्यामुळे माल तिथंही याच दिवसांत तयार होतो. यंदा तो म्हणाला, "दादा, तुमची ती काळीभोर शिराझ आता इकडे सगळ्यांना हवीय. कंपनीवाले म्हणतात, दोन एकरांवर तीच लाव."

मी त्याला थांब म्हटलं.

गावाकडचे वाद मी रोज वाचतो. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन ठेवू देण्याचा निर्णय राज्याच्या मंत्रिमंडळानं घेतला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, आणि वाईन म्हणजे दारू की नाही यावर सगळे तुटून पडले. मग त्याच वर्षी २९ डिसेंबरला ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार लागू झाला. पाच अमेरिकी डॉलरच्या वरच्या वाईनच्या बाटलीवरचं १५० टक्के आयात शुल्क १०० वर आलं, पंधरा डॉलरच्या वरच्या बाटलीवरचं ७५ वर. दहा वर्षांत ते ५० आणि २५ टक्क्यांपर्यंत उतरणार आहे. आता भीती आयातीची. पिणाऱ्याची चव फिरली की बागाईतदाराचं काय होतं, हे मात्र कुणी विचारत नाही. इथं राहून मला दिसलं ते हेच.

बरोसाची जुन्या धाटणीची शिराझ ग्लासात ओतली की तळ दिसत नाही. पिकून काळ्या पडलेल्या जांभळांसारखा गोडसर वास, त्यावर ओकच्या नव्या पिंपाचा व्हॅनिला, पंधरा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. दुसऱ्या घोटाला दात जांभळे होतात. मला ती मनापासून आवडते. पण १९८० च्या दशकात याच शिराझला गिऱ्हाईक नव्हतं. वेल उपटा म्हणून सरकारनं शेतकऱ्यांना पैसे दिले आणि कित्येक जुन्या बागा गेल्या. पुढच्या दशकात अमेरिकी समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी अशाच दाट, दमदार वाईनना भरभरून गुण दिले, आणि उरलेल्या वेलींना सोन्याचा भाव आला.

आता वारं पुन्हा फिरलंय. इथली तरुण मंडळी ग्रेनाश किंवा पिनो न्वारसारखी हलकी लाल वाईन मागतात, तीही थोडी गार करून. त्यात चीननं २०२० च्या अखेरीस ऑस्ट्रेलियन वाईनवर लावलेलं जबर शुल्क मार्च २०२४ पर्यंत उठलं नाही, तोवर लाल वाईनच्या टाक्या तुंबल्या. गेल्या वर्षी रिव्हरलँड या इथल्या द्राक्षपट्ट्यात जाताना रस्त्याकडेला उपटलेल्या वेलींचा ढीग पाहिला. मांडीएवढी खोडं, मुळांना तांबडी माती तशीच चिकटलेली, आणि एका खोडाला ठिबकची नळी गुंडाळलेली. गाडी थांबवून बराच वेळ उभा राहिलो.

कारण हे मी आमच्याच शेतात पाहिलं होतं. २००८ च्या मंदीनंतर काकांचा माल कंपनीनं उचललाच नाही. थॉमसनसारखी खायची द्राक्षं असती तर ती मार्केटला गेली असती, नाहीतर त्यांचा बेदाणा झाला असता. वाईनच्या द्राक्षाचे मणी बारीक, साल जाड, आत बिया; व्यापारी हातसुद्धा लावत नाही. घड वेलीवरच सुकले, आणि पुढच्या वर्षी काकांनी बाग मोडली.

म्हणून आयात वाईनला घाबरून तिचीच नक्कल करणं मला धोक्याचं वाटतं. बाग धरायला तीन वर्षं जातात. आज पुण्या-मुंबईतला गिऱ्हाईक दाट लाल मागतोय, पण इथल्यासारखा तोही हलक्या वाईनकडे वळला तर? नाशिकची शेनिन ब्लां ही पांढरी वाईन चांगली जमते, हलकी लालही जमेल असं मला वाटतं. ते अंगचं सोडून बरोसामागे का धावायचं? आणि वाईन-धोरणावर भांडायचंच असेल तर दीर्घ मुदतीच्या करारासाठी, हमीभावासाठी भांडावं.

भावाचे खुंट, म्हणजे पुढे ज्यांवर कलम करायचं ती रोपं, याच महिन्यात लागतील. कलम भरायचं ऑगस्ट-सप्टेंबरात, तेव्हा जात ठरवायला त्याच्या हातात सहा महिने आहेत. कंपनीच्या कराराचा फोटो त्यानं काल पाठवला. चार पानांत साखर किती हवी, पाणी कधी तोडायचं, सगळं लिहिलंय. माल उचलला नाही तर काय, ते कुठंच नाही. तेवढं लिहून घेतल्याशिवाय सही करू नकोस, असं मी त्याला सांगितलंय.